पाव इंच जास्त

आषाढ लागला की आमच्या घरात एक पांढरं फडकं कपाटातून बाहेर येतं. जाड सुताचं, दुहेरी शिवलेलं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. सासूबाईंचं पाणी गाळायचं फडकं. मी ते दोन पाण्यांतून काढते, गॅलरीत वाळत घालते आणि या हवेत ते काही केल्या वाळत नाही. मग पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर टाकते. ते तिथं लोंबायला लागलं की माझ्यापुरता चातुर्मास सुरू होतो. पंचांगात काय असेल ते असो.

यंदाही काढलं. पण खुर्चीवर टाकताना हात घुटमळला. आतल्या खोलीच्या कट्ट्यावर काचेची टाकी आहे, टाकीत पाणी आहे, पाण्यात हिरवी झुडपं आहेत आणि मासा नाही. आमचा फायटर वैशाखात गेला. हे मी अजून आक्कांना सांगितलेलं नाही.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा भरत त्यांना आक्का म्हणतो, म्हणून मीही आक्काच म्हणते. शिरोळकडच्या एका नदीकाठच्या गावात त्या एकट्या राहतात. घर, परस, परसात आड, आणि हाकेच्या अंतरावर बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर. आठ महिने तिकडं आणि चातुर्मासाचे चार महिने आमच्याकडं, शिवाजी पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. "तुमच्यासाठनं न्हाय येत मी," दर वर्षी जिना चढून आल्या आल्या धापा टाकत त्या बजावतात, "माशाचं बघाय पायजे म्हणून येतो." आमच्याकडच्या बायका स्वतःला अशाच 'येतो, जातो' म्हणतात. आता बघायला मासाच नाही म्हटल्यावर त्या कशाच्या निमित्तानं येणार, हे कोडं दीड-दोन महिने माझ्या डोक्यात आहे. आणि त्या याव्यात असं मला फार वाटतं. एके काळी हेच वाटत नव्हतं, म्हणून जास्त वाटतं.

मासा आला तो वाडग्यातून. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी कुणाला कुंड्या दिल्या, कुणाला पुस्तकं, आणि माझ्या हातात काचेचा गोल वाडगा ठेवला. आत एक निळा मासा. दौतीतल्या शाईचा निळा, आणि परांच्या कडांना जांभळट लाल. शेपटी अंगापेक्षा मोठी. तो वळला की ती मागून सावकाश वळायची, एखादी बाई नऊवारीचा सोगा सावरत वळते तशी. "फायटर आहे," बाई म्हणाल्या, "एवढ्याशा पाण्यात राहतो, काही त्रास नाही."

एवढ्याशा पाण्यात राहतो हे ऐकून मला माझी बी.एड.ची हॉस्टेलची खोली आठवली. तीन मुली आणि एक खिडकी. मीही तिथं वर्षभर राहिले होते, काही त्रास न देता. पुन्हा राहा म्हणाल तर हात जोडीन. म्हणून दुसऱ्याच दिवशी पेठेतल्या बोळात माशांचं दुकान आहे तिथं गेले.

दुकानदार बंडूदादा उमेदीत फुटबॉल खेळलेला माणूस. अजूनही त्याला जगातली प्रत्येक गोष्ट मैदानावरच दिसते. वाडग्याकडं बघून त्यानं कपाळाला हात लावला. "वहिनी, ह्यात चटणी ठेवा, मासा कशाला ठेवतासा? ह्यो एकटा असंल तर ईस लिटर पायजेच. जोडीला कोण ठेवणार असशीला तर चाळीसच्या वर धरा."

"जोडीला कोण चालेल?"

"दुसरा फायटर अजिबात न्हाय. गप्पी न्हाय, तिची झुपकेदार शेपटी बघून ह्यो तापतोय. टायगर बार्ब तर नकोच, ती ह्येच्याच शेपटीचं लचकं तोडत्यात. जे आपल्या नादात असत्यात ते घ्या. नियॉन टेट्रा घ्या, पर सहा घ्या, एकटं-दुकटं ठिवलं की भेदरत्यात. टीममधी अकराच्या अकरा स्ट्रायकर घिऊन चालत न्हाय की!"

मी वहीत लिहून घेतलं. झुपकेदार नको, भडक नको, चावरा नको, आपल्या नादात असणारा चालेल. नंतर पुष्कळ दिवस मला शिक्षकखोलीत बसलं की प्रत्येकाकडं बघून ही यादी आठवायची. आमच्या मुख्याध्यापकांच्या टाकीत कोण कोण चालेल हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

"टाकी मी करतो," भरत म्हणाला. भरत शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर आहे. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा लाकडी नमुना तो आधी बनवतो. तो नमुना वाळूत दाबायचा, ठसा उमटतो, ठशात लोखंडाचा रस ओतायचा. रस थंड झाला की आकसतो. म्हणून नमुना मुळातच अंमळ मोठा करावा लागतो. त्यासाठी या लोकांची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा केसभर मोठा. बघायला साधी स्टीलची पट्टी, पण एक फूट मोजलं की एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, पुढं गेलेली असते.

भरतनं हॉलमधल्या शोकेसचा कडाप्प्याचा कप्पा घरच्या टेपनं मोजला. दोन फूट. तेवढीच चपखल टाकी करायची ठरली, लांबी दोन फूट, रुंदी-उंची एक-एक फूट, पाणी पन्नासेक लिटर. काचेवर खुणा करताना मात्र त्यानं पिशवीतून हाताला आली ती पट्टी काढली. वीस वर्षं हाताला तीच येते. रविवारभर बसून त्यानं काचा जोडल्या, सिलिकॉन लावलं, दोन दिवस वाळवलं, पाणी भरून गळत नाही ना बघितलं. मग रिकामी टाकी छातीशी धरून शोकेसपाशी नेली. जाईना. तिरकी करून बघितली, श्वास रोखून बघितला. टाकी पाव इंच जास्त भरत होती.

टाकी तशीच कवेत धरून तो जरा वेळ उभा राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "काच आकसत न्हाय, न्हाय का?"

त्याच आठवड्यात नदी गावात शिरली.

आक्कांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढलं, मग पाहुण्यांच्या गाडीनं वरच्या रस्त्यानं त्या आमच्याकडं पोचल्या. बरोबर एक पितळी कळशी, एक तांब्या, वाचायचं पुस्तक, चष्मा आणि हे पांढरं फडकं. बाकी सगळं घर पाण्यात. त्यांनी कळशी स्वयंपाकघरात ठेवून विचारलं, "नळाला पाणी कुठलं?"

तो पाऊस अजून कानात आहे. खिडकीबाहेर पुढच्या घरांचे पत्रे वाजायचे ते सकाळी उठल्यापासून, आणि थांबले की कानाला दडा बसल्यासारखं व्हायचं. कपड्यांना, गाद्यांना, वहीच्या पानांना एकच ओला वास. शाळा बंद. भरत कसाबसा कामावर जायचा. पुलाशी पाणी आलं की तेही बंद. दिवस कुठं संपतो आणि संध्याकाळ कुठं सुरू होते ते कळायचं नाही, सगळं एकाच राखाडी उजेडात. आणि त्या उजेडात मी आणि आक्का, दोघी एका स्वयंपाकघरात.

आम्ही जैन खरे, पण शहरातले, सवडीप्रमाणे पाळणारे. आक्का पूर्ण पाळणाऱ्या. कांदा-लसूण नाही, कंदमुळं नाहीत, चातुर्मासात पालेभाजी नाही, सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. पाच वाजता त्यांना स्वयंपाकघर लागायचं, सात वाजता मला. त्या माझ्या कुकरला हात लावायच्या नाहीत आणि मी त्यांच्या कळशीला. भांडण एकदाही झालं नाही, हीच पंचाईत. भांडण झालं असतं तर मोकळं तरी वाटलं असतं. मी उठल्यावर पहिल्यांदा मोबाइलवर नदीची पातळी बघायची, आणि ती उतरावी म्हणून देवाला विनवायची. लोकांना वाटायचं, किती ही पूरग्रस्तांची काळजी.

टाकीला मजबूत जागा उरली होती ती एकच, आतल्या खोलीत खिडकीखालचा दगडी कट्टा. त्याला लागूनच आक्कांची खाट. तिथं टाकी ठेवली, वाळू घातली, झुडपं लावली, निळा मासा सोडला. वाडग्यातून आलेला तो जीव आधी एका कोपऱ्यात वाडग्याएवढ्याच जागेत गोल गोल फिरत राहिला. पुढं पाणी आहे हे त्याला दुपारपर्यंत कळलंच नाही. मग एकदम सरळ निघाला आणि दोन फूट पाव इंच पोहत जाऊन पलीकडच्या काचेला लागला. आक्का खाटेवरनं हे सगळं बघत होत्या.

"एका खोलीत दोन पावणं व्हय?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्याचं नाव पावणं.

माशांच्या खाद्याच्या डबीला त्या शिवायच्या नाहीत. त्यात काय असतं ते त्यांना वासावरनंच कळलं होतं. "ज्येचा त्येचा आहार ज्येला त्येला," एवढंच म्हणाल्या आणि पदर नाकाला लावला. पण संध्याकाळ व्हायला लागली की खोलीतून हाक यायची, "सुजाता, सूर्य चालला! पावण्याचं जेवाण?" ढगाआड सूर्य कुठं आहे हे त्यांना कसं कळायचं देव जाणे. मग मी जाऊन चार दाणे टाकायची. अष्टमी-चतुर्दशीला त्या उपास धरायच्या आणि पावण्यालाही धरायला लावायच्या. मी हळहळले, तर बंडूदादा म्हणाला, "बराबर हाय की त्येंचं. आठवड्यातनं एक दिवस ह्येला उपाशीच ठेवाय पायजे. लोकं चारून चारूनच मारत्यात." आमच्या घरात सूर्यास्ताच्या आत जेवणारे आणि तिथी पाळणारे असे दोनच जीव होते, आणि ते एकाच खोलीत राहत होते.

आक्कांचा पितळी तांब्या खिडकीत असायचा. त्यात आपलंच रूप बघून पावणं कल्ले फुगवून उभा राहायचा. समोर दुसरा फायटर आहे असं त्याला वाटायचं. आक्कांनी तांब्या उचलून खाटेखाली ठेवला. "कशाला उगंच बिचाऱ्याला राग आणायचा," म्हणाल्या.

आणि नदी. पाणी गाळून झालं की फडक्यावर जे राहतं, डोळ्यांना दिसो न दिसो, ते जीव असतात. ते फडकं उलटं करून थोड्या पाण्यात खळबळायचं आणि ते पाणी जिथलं तिथं परत सोडायचं. गावी आडात, हळू, दोरीनं भांडं खाली उतरवून. इथं दुसऱ्या मजल्यावर आड कुठला? पहिल्या दिवशी त्या तांब्या हातात धरून सिंकसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. "ह्ये कुठं सोडू?" टाकीत सोडा म्हटलं, तर माझ्याकडं असं काही बघितलं. "त्यो खाईल की त्येंस्नी!"

नळाचं पाणी नदीचंच. मग पावसानं उघडीप दिली की सकाळी मी स्कूटीवरनं त्यांना पंचगंगेकडं न्यायची. मागं आक्का, मांडीवर झाकण लावलेला तांब्या, आणि माझ्या खांद्यावर त्यांचा एक हात. घाट बुडालेलाच होता. रस्त्यावर जिथवर पाणी आलं होतं तिथं आम्ही थांबायचो. गढूळ, रुंद, घाई नसलेलं पाणी. आक्का वाकून तांब्या पाण्याला टेकवायच्या आणि अलगद तिरका करायच्या, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालचा हात काढून घेतात तसा. मग प्रवाहाकडं बघत राहायच्या. त्यांचं गाव खालच्या अंगाला, हेच पाणी तिकडं जाणार.

"माझ्या आधी घरला पोचत्यात बघ ही," एकदा म्हणाल्या.

 तोपर्यंत मला त्यांचं घर बुडालंय एवढंच माहीत होतं. त्यांना ते आठवत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

पाणी ओसरलं, शाळा सुरू झाली. टाकी मोठी झालीच आहे तर सोबत आणावी म्हणून मी सहा नियॉन टेट्रा आणले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळ्या दिव्याची रेघ. पावण्यानं एकदा कल्ले फुगवून दाखवले, मग नाद सोडला. सहाही एकत्र वळायचे. आक्का म्हणाल्या, "शाळा सुटल्यागत चालत्यात." झुडपाबरोबर न बोलावता एक गोगलगायही आली होती, मुगाच्या दाण्याएवढी. तिची कुणी दखल घेतली नाही.

त्या दिवसांत नळाला लाल पाणी यायचं. प्यायला सगळं उकळूनच घ्यायचं, असं मीच घरात बजावलं होतं. रात्रीच पातेल्यामागून पातेलं उकळून, पिंप भरून, झाकून, गार करून ठेवून मी शाळेत जायची. एका बुधवारी दुपारी परत आले, तर आक्का खाटेवर बसलेल्या, बादली शेजारी, आणि टाकी लखलखीत. पाणी असं स्वच्छ की काच आहे की नाही कळू नये.

"पावण्याचं पाणी गढूळ झालतं," त्या म्हणाल्या. चेहरा खुललेला. "सगळं बदललं. उकळल्यालं, दोनदा गाळल्यालं. मी पितो त्येच."

आणि सहाही टेट्रा वर, पाण्याच्या कडेला, तोंड उघडत मिटत होते.

उकळलेल्या पाण्यात विरघळलेली हवा राहत नाही. हे मी दर वर्षी आठवीला शिकवते, फळ्यावर आकृती काढून. फायटर तगला, कारण तो वर येऊन हवेचा घोट घेऊ शकतो. भातखाचरातल्या थोड्याशा, साचल्या पाण्यात जगायला देवानं त्याला ती सोय दिली आहे. गोगलगायही तशीच, काचेवरून वर चढून बसली होती. टेट्रांना ती सोय नाही. मी पर्स टाकली, स्वयंपाकघरातला तांब्या घेतला, टाकीतलंच पाणी भरून घेऊन वरनं धार धरली. "आक्का, ओता! उंचावरनं ओता, पाण्यात हवा मिसळू दे!" त्यांनी काय, कशाला, काही विचारलं नाही. खाटेखालचा पितळी तांब्या काढला. एका बाजूनं मी, एका बाजूनं त्या. उपसायचं, हात उंच करायचा, ओतायचं. त्यांचं लुगडं, माझी साडी चिंब. खोलीभर फक्त धारेचा आवाज. किती वेळ गेला कोण जाणे. हात भरून आले तरी एकीनंही थांबू म्हटलं नाही. आज त्या दुपारची आठवण आली की मला भीती आठवत नाही, तो आवाज आठवतो, आणि समोर उंचावलेला त्यांचा हात, बांगड्या मागं सरकलेल्या.

चार वाचले. दोन गेले.

"मुंगी मरू ने म्हणून भुई बघून चालतो मी," आक्का म्हणाल्या.  त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर कळशीत फडकं घालून, पुस्तक पिशवीत भरून बसल्या होत्या. "पाणी वसरलंय. मी जातो आता गावाकडं."

गावच्या घरात अजून घोट्याएवढा चिखल होता, भिंतींना हात लावला तर ओल लागत होती. तिथं त्या दोन दिवसांत आजारी पडल्या असत्या, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि त्यांनी जावं असंच मला वाटत होतं ना इतके दिवस? आता त्या खरंच निघाल्या, तर मला त्यांची पिशवी हिसकून घ्यावीशी वाटली.

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसले. म्हटलं, "आक्का, चूक माझी आहे. उकळलेल्या पाण्याचं मी सांगितलं होतं. मासे त्यात जगत नाहीत हे सांगायला विसरले. शिकलेली मी आहे, तुम्ही नाही." त्यांनी मान हलवली, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही. तुम्ही जावं म्हणून मी रोज नदीची पातळी बघत होते, हे. ते आज इथं सांगते आहे.

तेवढ्यात खिडकीतला उजेड कमी व्हायला लागला. पावणं सवयीनं टाकीच्या आक्कांकडच्या कोपऱ्यात येऊन थांबला. आणि आक्कांच्या तोंडून आपोआप निघालं, "सुजाता, सूर्य चालला."

मी उठले नाही. "तुम्ही गेल्यावर मला कोण आठवण करणार? शाळा, शिकवणी, बाजार करून मला यायला साडेसात होतात. रात्रीच जेवेल तो. तिथ्या तर माझ्या लक्षातच राहत नाहीत."

आक्का माशाकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं की त्यांना कळलंय.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "तुझं काय खरं न्हाय." आणि कळशीतलं फडकं बाहेर काढलं.

चारच उरलेले टेट्रा भेदरून राहायचे, म्हणून ते बंडूदादाकडं परत गेले. "पन्नास लिटर एकट्याला?" तो म्हणाला. "ऐश हाय की पावण्याची!" भरतला चुकीची टाकी डोळ्यांत खुपत होती. बरोबर मापाची दुसरी करतो, शोकेसमध्ये बसवतो, म्हणून तो टेप घेऊन आला. आक्कांनी त्याला हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ दे. बसली न्हाय म्हणून तर माझ्याजवळ आली."

"पण एकटा पडणार की त्यो, आक्का."

"एकटा कुठं हाय? मी हाय की हितं." मग म्हणाल्या, "सोबत नगं त्येला. शेजार पायजे."

भरत टेप गुंडाळत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं आतल्या खोलीच्या गॅलरीत एक छोटा ओटा करून दिला, एका शेगडीपुरता, कळशी ठेवायला बाजूला जागा सोडून. आक्का आपलं तिथं पाच वाजता रांधायच्या. कधी कधी मी चहाचा कप घेऊन दारात बसायची आणि आम्ही गप्पा मारायचो. स्वयंपाकघर एक होतं तेव्हा सुचल्या नव्हत्या इतक्या गप्पा. ओट्याला मी सहज टेप लावून बघितला. दोन फूट पाव इंच. या खेपेला पट्टी चुकून हाताला आली होती की मुद्दाम, ते मी त्याला विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर घर वाळलं आणि आक्का गेल्या. राहा म्हटलं, दोघांनीही, मनापासून म्हटलं. "माझं पाणी तिकडं," म्हणाल्या. जाताना कळशी नेली, तांब्या नेला, पुस्तक नेलं. फडकं दोरीवरच होतं, ते मी घडी करून दिलं, तर परत माझ्या हातात ठेवलं. "हितंच असू दे. मुनीम्हाराजबी चार म्हयने एका जागी ऱ्हात्यात की. माशाचं बघाय येतो पुढल्या साली."

आणि आल्या. पुढच्या साली आल्या, त्याच्या पुढच्या साली आल्या. माश्या-मुंग्यांसारख्या गोगलगायी वाढल्या, कमी झाल्या. पहिली केव्हा गेली आणि आताची ही तिची लेक की पणती, कुणाला ठाऊक. पावण्याचा निळा रंग विटत गेला, कडांवर पांढुरकी झाक आली. गेल्या चातुर्मासात तो बराच वेळ रुंद पानावर टेकून असायचा. आक्का दुपारी खाटेवर आडव्या, हा पानावर आडवा, मध्ये काच. पंखा फिरायचा. दोघांचं एकमेकांशी काही बोलणं नसायचं.

वैशाखातल्या एका सकाळी तो तळाला होता. भरतनं त्याला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. टाकीतलं पाणी मी काढलं नाही. काढवेना.

परवा मी बंडूदादाच्या दुकानात गेले होते. प्लास्टिकच्या पेल्यात एक निळा फायटर होता, कडा जांभळट लाल. "अगदी त्योच बघा वहिनी," तो म्हणाला. पेला हातात घेऊन मी उभी राहिले. आक्कांची नजर कमी झाली आहे, त्यांना काय कळणार, असं मनात आलं. मग वाटलं, जी बाई डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी नदीपर्यंत जाते, तिला हा वेगळा जीव कळणार नाही? पेला परत ठेवला.

आज दुपारी फोन आला. पलीकडं पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"फडकं वाळलं का?" आक्कांनी विचारलं.

"वाळतंय."

"आनि पावणं?"

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आक्का, तो गेला. वैशाखात."

 मग त्या हळू म्हणाल्या, "दोन म्हयने दाबून ठिवलीस व्हय?"

"तुम्ही येणार नाही म्हणून," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ म्हटलं. "मासा नाही म्हटल्यावर तुम्ही कशाला याल? आणि मला तुम्ही यायला पाहिजे आहात."

पलीकडं नुसता पाऊस. फोन लागलेला आहे की तुटला ते बघायला मी कानापासून दूर धरणार, तेवढ्यात आवाज आला.

"गोगलगाय हाय न्हवं?"

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. काचेवर, आक्कांच्या खाटेकडच्या कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढी एक गोगलगाय सावकाश वर चढत होती.

"आहे," मी म्हटलं.

"मग तिचं कोण बघणार? तुझं काय खरं न्हाय. भरतला म्हणावं, सोमवारी गाडी घिऊन यी."

फोन ठेवला. फडक्याला हात लावून बघितला, अजून ओलंच होतं. मी पंखा पाचवर केला.